मताधिक्य, प्रमाणशीर आणि मिश्र: निवडणूक पद्धतींची तुलना कशी करावी

ब्रिटनमध्ये ४ जुलै २०२४ रोजी झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाला ३३.७ टक्के मते मिळाली आणि ६५० पैकी ४११ जागा, म्हणजे सभागृहाच्या जवळपास ६३ टक्के जागा, त्याच्या वाट्याला आल्या. त्याच निवडणुकीत रिफॉर्म यूके या पक्षाने १४.३ टक्के मते मिळवली आणि त्याचे अवघे ५ उमेदवार निवडून आले, तर १२.२ टक्के मते मिळवणाऱ्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे ७२ उमेदवार निवडून आले. हे आकडे वाचून अनेक जण लगेच निष्कर्ष काढतात, की ब्रिटनची ही मताधिक्य पद्धत अन्यायकारक आहे आणि मतांच्या प्रमाणात जागा देणारी प्रमाणशीर पद्धत न्याय्य आहे. दुसऱ्या बाजूचे लोक तितक्याच तत्परतेने प्रमाणशीर पद्धत असलेल्या इस्राएलमधल्या वारंवारच्या निवडणुकांकडे बोट दाखवतात. हे दोन्ही युक्तिवाद पद्धतींच्या नावांवर उभे आहेत आणि म्हणूनच दोन्ही अपुरे आहेत. एकाच नावाखाली मोडणाऱ्या दोन पद्धती परस्परांपासून फार दूर असू शकतात, आणि कायद्यातले एखादे छोटे कलम त्या नावापेक्षा निकालावर जास्त परिणाम करू शकते. म्हणून तुलना करू इच्छिणाऱ्याने नाव बाजूला ठेवावे आणि मतपेटीत पडलेले मत कोणकोणत्या टप्प्यांतून जाऊन जागेत रूपांतरित होते, हे एकेक टप्पा घेऊन तपासावे. ते कसे तपासावे, हे पुढे सांगितले आहे.

प्रथम कायद्यातून काय शोधावे

कोणत्याही देशाचा निवडणूक कायदा हाती घेतल्यावर सर्वांत आधी एका मतदारसंघातून किती प्रतिनिधी निवडले जातात हे पाहावे. मताधिक्य पद्धतीत सहसा एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडला जातो आणि इतर सर्वांपेक्षा जास्त मते मिळवणारा उमेदवार विजयी होतो. त्याला निम्म्याहून अधिक मते मिळालीच पाहिजेत अशी अट नसते. भारतातील लोकसभा, ब्रिटनचे हाउस ऑफ कॉमन्स आणि कॅनडाचे कनिष्ठ सभागृह या पद्धतीने निवडले जाते. प्रमाणशीर पद्धतीत एका मतदारसंघाला अनेक जागा असतात आणि त्या पक्षांना किंवा उमेदवारांना मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. नेदरलँड्समध्ये तर संसदेच्या १५० जागांचे वाटप संपूर्ण देश हा एकच घटक मानून केले जाते. आयर्लंडमध्ये मात्र मतदारसंघ छोटे, ३ ते ५ जागांचे असतात.

त्यानंतर मतपत्रिका पाहावी. मतदार एका उमेदवारासमोर खूण करतो, पक्षाच्या यादीला मत देतो, की उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम देतो? पसंतीक्रमाची जी रीत आयर्लंड आणि माल्टा येथे रूढ आहे, तिला एकल संक्रमणीय मत म्हणतात, आणि भारतात राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार याच रीतीने मतदान करतात. यादीला मत देण्याची पद्धत असेल, तर यादीतील नावांचा क्रम पक्षाने ठरवलेला आणि अचल आहे, की मतदार त्यात बदल घडवू शकतो, हेही नोंदवून ठेवावे, कारण पुढे उत्तरदायित्वाचा विचार करताना हाच तपशील कळीचा ठरतो.

तिसरी गोष्ट म्हणजे जागावाटपाचे गणिती सूत्र आणि किमान मतांची अट, म्हणजे जागा मिळण्यासाठी पक्षाला निदान किती टक्के मते लागतात. मिश्र पद्धत, म्हणजे काही जागा मतदारसंघांतून आणि काही पक्षांच्या याद्यांमधून भरण्याची पद्धत, असेल तर चौथी गोष्ट आवश्यक होते: मतदारसंघांतून आलेल्या जागा आणि यादीतून दिल्या जाणाऱ्या जागा यांचा एकमेकांशी संबंध जोडला आहे की नाही. या चार नोंदी पूर्ण झाल्याशिवाय तुलनेला हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फ्रान्समधील दोन फेऱ्यांचे मतदान आणि ऑस्ट्रेलियाच्या कनिष्ठ सभागृहासाठीचे पसंतीक्रमाचे मतदान या पद्धतींत मतदारसंघ एकसदस्यीय असला, तरी त्या साध्या मताधिक्याच्या पद्धती नाहीत, कारण विजेत्याच्या मागे अधिक व्यापक पाठिंबा उभा राहावा अशी त्यांची रचना असते. त्यांना या तुलनेत मताधिक्य पद्धतीच्या रकान्यात टाकणे चूक ठरेल.

तीच मते वेगवेगळ्या पद्धतींतून नेऊन पाहणे

पद्धतींमधील फरक समजून घेण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे मतांचा एकच संच घेऊन तो प्रत्येक पद्धतीच्या नियमांनी स्वतः मोजणे. त्यासाठी संगणकाची गरज नाही. कागद आणि पेन्सिल पुरते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. प्रत्येकी १,००० मतदारांचे १० मतदारसंघ आहेत आणि क, ख, ग, घ असे चार पक्ष आहेत. पहिल्या सहा मतदारसंघांत प्रत्येकी क ला ४५०, ख ला ३५० आणि ग ला २०० मते मिळाली. पुढील तीन मतदारसंघांत प्रत्येकी क ला ३५०, ख ला ४०० आणि ग ला २५० मते मिळाली. दहावा मतदारसंघ घ या प्रादेशिक पक्षाचा बालेकिल्ला आहे. तेथे घ ला ६५०, क ला १५०, आणि ख व ग यांना प्रत्येकी १०० मते मिळाली. एकूण १०,००० मतांपैकी क ची मते ३,९००, ख ची ३,४००, ग ची २,०५० आणि घ ची ६५० होतात.

मताधिक्य पद्धतीने मोजल्यास क ला ६, ख ला ३, घ ला १ आणि ग ला एकही जागा मिळत नाही. ३९ टक्के मतांवर क ला स्पष्ट बहुमत मिळाले, तर २०.५ टक्के मते मिळवणारा ग सभागृहाबाहेर राहिला आणि त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी मते असलेला घ आत आला. याचे कारण ग ची मते सर्वत्र विखुरलेली आहेत आणि घ ची एकवटलेली आहेत. मताधिक्य पद्धत लहान पक्षांना सरसकट मारक असते, हा समज या ठिकाणी दुरुस्त करून घ्यावा. ती विखुरलेल्या लहान पक्षांना मारक असते, एका प्रदेशात घट्ट पाय रोवलेल्या पक्षांना अनेकदा उपकारकच ठरते. कॅनडात १९९३ मध्ये प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला १६ टक्के मते मिळूनही २ जागा मिळाल्या आणि फक्त क्वेबेक प्रांतात लढणाऱ्या ब्लॉक क्वेबेकवा पक्षाला १३.५ टक्के मतांवर ५४ जागा मिळाल्या. भारतात २०१४ मध्ये बहुजन समाज पक्षाला देशभरात सुमारे ४ टक्के मते पडली आणि लोकसभेत त्याची एकही जागा आली नाही.

आता याच मतांवर १० जागांचे प्रमाणशीर वाटप करू. बेल्जियमच्या व्हिक्टर द'ऑन्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रात प्रत्येक पक्षाच्या मतांना १, २, ३, ४ अशा क्रमाने भागून येणारे भागाकार मांडतात आणि त्यांतील सर्वांत मोठ्या १० भागाकारांना जागा देतात. क चे भागाकार ३,९००, १,९५०, १,३००, ९७५ असे येतात. ख चे ३,४००, १,७००, १,१३३, ८५०. ग चे २,०५०, १,०२५. घ चा ६५०. दहावी जागा ८५० या भागाकारावर संपते, त्यामुळे क ४, ख ४, ग २ आणि घ ० असा निकाल लागतो. सेंत-लाग्यू सूत्रात भाजक १, ३, ५, ७ असे असतात. त्या सूत्राने मोजल्यास घ चा पहिला भागाकार ६५० नवव्या क्रमांकावर येतो आणि निकाल क ४, ख ३, ग २, घ १ असा होतो. दोन्ही सूत्रे प्रमाणशीर पद्धतीचीच आहेत, मतेही तीच आहेत, तरी एका सूत्रात घ ला जागा आहे आणि दुसऱ्यात नाही. द'ऑन्ट सूत्र मोठ्या पक्षांकडे किंचित झुकते, सेंत-लाग्यू सूत्र तसे झुकत नाही. सभागृह छोटे किंवा मतदारसंघातील जागा कमी असतील तितका हा फरक अधिक ठळक होतो.

मिश्र पद्धतीसाठी हेच १० मतदारसंघ कायम ठेवून त्यांना यादीच्या आणखी १० जागा जोडू आणि मतदाराने उमेदवाराला व यादीला एकाच पक्षाचे मत दिले असे धरू. समांतर प्रकारात दोन्ही भाग स्वतंत्रपणे मोजून बेरीज करतात. मतदारसंघांतून क ६, ख ३, ग ०, घ १; यादीतून सेंत-लाग्यू सूत्राने ४, ३, २, १; म्हणजे एकूण क १०, ख ६, ग २, घ २. भरपाईच्या प्रकारात मात्र आधी सगळ्या २० जागांवर प्रत्येक पक्षाचा प्रमाणशीर वाटा ठरवतात. तो क ८, ख ७, ग ४, घ १ असा येतो. मग मतदारसंघात जिंकलेल्या जागा त्या वाट्यातून वजा करून उरलेल्या यादीतून भरतात: क ला २, ख ला ४, ग ला ४ आणि घ ला एकही नाही. मतपत्रिका तीच, मतदारसंघ तेच, यादीच्या जागाही तितक्याच. तरीही समांतर प्रकारात क निम्म्या सभागृहावर पोहोचला आणि भरपाईच्या प्रकारात ४० टक्क्यांवर थांबला. म्हणून ‘मिश्र पद्धत’ एवढेच म्हणणे हे तुलनेसाठी जवळपास निरुपयोगी आहे.

जागांची संख्या आणि किमान मतांची अट

प्रमाणशीर पद्धत किती प्रमाणशीर आहे, हे ठरवणारा सर्वांत प्रभावी घटक म्हणजे मतदारसंघातील जागांची संख्या. साधा हिशेब असा आहे: ज्या मतदारसंघात जागांची संख्या ‘ज’ आहे, तेथे एक भागिले (ज अधिक १) या वाट्याहून थोडी जास्त मते मिळवणाऱ्याला जागेची हमी असते. एका जागेसाठी हा वाटा निम्मा, ३ जागांसाठी २५ टक्के, ५ जागांसाठी सुमारे १७ टक्के आणि ९ जागांसाठी १० टक्के येतो. तेव्हा कायद्यात किमान मतांची कोणतीही अट नसली, तरी ३ जागांच्या मतदारसंघात ८ टक्के मतांच्या पक्षाला दार बंदच असते. देशाची सरासरी काढून येथे भागत नाही. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मतदारसंघातील जागा वेगवेगळ्या नोंदवाव्या, कारण एकाच देशात महानगरातला मतदार प्रमाणशीर पद्धत अनुभवतो आणि विरळ वस्तीच्या जिल्ह्यातला मतदार जवळपास मताधिक्य पद्धत अनुभवतो, असे घडू शकते.

कायद्याने लिहिलेली किमान मतांची अट याहून उघड असते. नेदरलँड्समध्ये एका जागेपुरती, म्हणजे ०.६७ टक्के मते पुरतात आणि २०२१ मध्ये तेथील संसदेत १७ पक्ष निवडून आले. इस्राएलमध्ये ही अट २०१४ पासून ३.२५ टक्के आहे, जर्मनीत ५ टक्के आहे. तुर्कस्तानात ती दीर्घकाळ १० टक्के होती आणि २००२ च्या निवडणुकीत तिने काय केले हे तुलना करणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावे. केवळ दोन पक्षांनी ती मर्यादा ओलांडली, न्याय व विकास पक्षाला ३४.३ टक्के मतांवर ५५० पैकी ३६३ जागा मिळाल्या आणि सुमारे ४५ टक्के मतांना संसदेत प्रतिनिधीच उरला नाही. तुर्कस्तानची पद्धत कागदोपत्री प्रमाणशीर यादीची होती. ब्रिटनच्या २०२४ च्या निकालाशेजारी हा निकाल ठेवून पाहिला, की पद्धतीच्या नावावर विसंबण्यातला धोका स्पष्ट दिसतो. जर्मनीतही २०१३ मध्ये फ्री डेमोक्रॅटिक पक्ष ४.८ टक्क्यांवर आणि एएफडी (अल्टरनेटिव्ह फॉर जर्मनी) हा पक्ष ४.७ टक्क्यांवर अडकले आणि १५ टक्क्यांहून अधिक मते अटीखाली गेली.

म्हणून कोणत्याही निवडणुकीचा अभ्यास करताना एकही जागा न मिळालेल्या पक्षांच्या मतांची बेरीज काढावी. हा आकडा काढायला अगदी सोपा आहे आणि तो फार काही सांगतो.

मिश्र पद्धतीत दोन भागांचा संबंध

जपानने १९९४ मध्ये कायदा बदलून समांतर मिश्र पद्धत स्वीकारली; आज तेथील प्रतिनिधिगृहात २८९ सदस्य एकसदस्यीय मतदारसंघांतून आणि १७६ सदस्य प्रादेशिक याद्यांमधून येतात. नेपाळच्या प्रतिनिधी सभेतही १६५ आणि ११० अशी समांतर विभागणी आहे. या देशांत यादीमुळे लहान पक्षांना थोडा आधार मिळतो, परंतु मतदारसंघांत मोठ्या पक्षाला मिळालेला अवाजवी लाभ यादीतून भरून निघत नाही.

न्यूझीलंड आणि जर्मनी यांच्याकडे भरपाईची पद्धत आहे. न्यूझीलंडचा इतिहास बोधक आहे. मताधिक्य पद्धत असताना १९७८ आणि १९८१ या सलग दोन निवडणुकांत मजूर पक्षाला जास्त मते मिळूनही नॅशनल पक्षाने जास्त जागा घेतल्या, आणि १९८१ मध्ये सोशल क्रेडिट पक्षाला २० टक्क्यांहून अधिक मतांवर ९२ पैकी केवळ २ जागा मिळाल्या. त्यानंतर नेमलेल्या शाही आयोगाने १९८६ मध्ये भरपाईच्या मिश्र पद्धतीची शिफारस केली, १९९३ मध्ये सार्वमताने ती मान्य झाली, १९९६ मध्ये ती प्रथम वापरली गेली आणि २०११ च्या सार्वमतात मतदारांनी ती कायम ठेवली.

लेसोथो या आफ्रिकेतील देशाचे उदाहरण इतके प्रसिद्ध नाही, पण मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. तेथे १९९८ मध्ये सत्ताधारी पक्षाला सुमारे ६० टक्के मतांवर ८० पैकी ७९ जागा मिळाल्या. निकालानंतर उसळलेल्या अशांततेत दक्षिण आफ्रिकेचे सैन्य देशात आले. पुढच्या, म्हणजे २००२ च्या निवडणुकीसाठी ८० मतदारसंघांना भरपाईच्या ४० जागा जोडण्यात आल्या. परंतु २००७ मध्ये दोन मोठ्या पक्षांनी एकेका छोट्या पक्षाशी संगनमत केले. मतदारसंघात आपले उमेदवार उभे करायचे आणि यादीचे मत त्या छोट्या पक्षाच्या नावावर घ्यायचे, म्हणजे मतदारसंघात जिंकलेल्या जागा यादीच्या वाट्यातून वजा होत नाहीत. अशा रीतीने भरपाईची पद्धत कायदा न बदलता समांतर पद्धतीसारखी वागू लागली. दक्षिण कोरियात २०२० मध्ये अंशतः भरपाईची पद्धत प्रथमच लागू झाली, तेव्हा दोन्ही मोठ्या पक्षांनी केवळ यादीसाठी वेगळे उपपक्ष काढून हाच मार्ग धरला. मिश्र पद्धत तपासताना म्हणून पुढील प्रश्न विचारलाच पाहिजे: मतदाराला एक मत आहे की दोन, आणि दोन असतील तर पक्षाने स्वतःला दोन नावांत विभागून घेण्यापासून कायदा त्याला अडवतो का?

एखाद्या पक्षाने आपल्या प्रमाणशीर वाट्यापेक्षा जास्त मतदारसंघ जिंकले तर काय करायचे, हा या पद्धतीतला दुसरा पेच आहे. जर्मनीने इतर पक्षांना वाढीव जागा देऊन तो सोडवला आणि परिणामी मूळ ५९८ सदस्यांचे बुंडेस्टाग (तेथील संसदेचे कनिष्ठ सभागृह) २०२१ मध्ये ७३६ सदस्यांचे झाले. २०२३ च्या सुधारणेने सदस्यसंख्या ६३० वर कायम केली. त्याची किंमत अशी, की फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत मतदारसंघात पहिले आलेले २३ उमेदवार संसदेत जाऊ शकले नाहीत. सभागृहाचा निश्चित आकार, प्रत्येक मतदारसंघ विजेत्याला जागा आणि काटेकोर प्रमाण या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येतील याची हमी कोणतीच रचना देत नाही. कोणत्या देशाने यांपैकी काय सोडले, ते शोधावे.

तफावत आकड्यात कशी मांडावी

मते आणि जागा यांतील तफावत एका आकड्यात सांगण्यासाठी मायकेल गॅलाघर यांनी १९९१ मध्ये मांडलेला निर्देशांक सर्वाधिक वापरला जातो. प्रत्येक पक्षाच्या मतांची टक्केवारी आणि जागांची टक्केवारी यांतील फरकाचा वर्ग करावा, सगळे वर्ग मिळवावेत, बेरजेचा निम्मा घ्यावा आणि त्याचे वर्गमूळ काढावे. आपल्या उदाहरणात मताधिक्य पद्धतीचा निर्देशांक सुमारे २१.१ येतो, समांतर मिश्र पद्धतीचा ११.४, द'ऑन्ट सूत्राचा ६.३, सेंत-लाग्यू सूत्राचा ३.८ आणि भरपाईच्या मिश्र पद्धतीचा १.५. भरपाईच्या पद्धतीचा आकडा शुद्ध यादी पद्धतीपेक्षाही कमी आलेला पाहून गोंधळू नये: तेथे जागा १० ऐवजी २० आहेत, आणि जागा वाढल्या की वाटप अधिक बारकाईने करता येते. दोन देशांची तुलना करतानाही सभागृहाच्या आकाराचा हा परिणाम ध्यानात ठेवावा लागतो.

पक्षांची परिणामकारक संख्या, म्हणजे लहान पक्षांना कमी वजन देऊन येणारी संख्या, मोजण्यासाठी लाक्सो आणि तागेपेरा यांचे १९७९ चे सूत्र वापरावे: प्रत्येक पक्षाच्या वाट्याचा वर्ग करून बेरीज काढावी आणि १ ला त्या बेरजेने भागावे. आपल्या मतदारांनी या मोजणीने ३.२ पक्षांना मते दिली. मताधिक्य पद्धतीने त्यांचे सभागृह २.२ पक्षांचे झाले आणि भरपाईच्या पद्धतीने ३.१ पक्षांचे राहिले.

गणिताची मर्यादा

आतापर्यंतच्या सगळ्या मोजणीत एक गृहीतक दडलेले आहे: पद्धत बदलली तरी मतदार तसेच मतदान करतील. प्रत्यक्षात तसे होत नाही. आपला आवडता उमेदवार तिसरा येणार आणि मत वाया जाणार असे दिसले, की मतदार पहिल्या दोघांपैकी त्यातल्या त्यात बऱ्या उमेदवाराकडे वळतो. पक्षही मतविभागणी टाळण्यासाठी आधीच युती करतात किंवा उमेदवारच देत नाहीत. फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस द्युव्हर्जे यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात हे स्पष्ट केले आणि मताधिक्य पद्धत द्विपक्षीय व्यवस्थेकडे नेते असा सिद्धांत मांडला. भारत आणि कॅनडा यांनी त्याला मोठी पुरवणी जोडली आहे, कारण या देशांत लढत पुष्कळ ठिकाणी मतदारसंघापुरती दोघांतच होते, पण ते दोघे प्रत्येक प्रदेशात वेगळे असल्याने संसदेत अनेक पक्ष येतात. म्हणून मागील निवडणुकीची मते दुसऱ्या पद्धतीने मोजून ‘असा निकाल लागला असता’ असे ठामपणे लिहू नये; ‘मते हीच राहिली असती तर’ ही अट प्रत्येक वेळी सोबत लिहावी.

या कारणामुळे सर्वांत विश्वासार्ह पुरावा त्या देशांतून मिळतो, ज्यांनी आपली पद्धत बदलली. न्यूझीलंडच्या संसदेत महिलांचे प्रमाण १९९३ मध्ये सुमारे २१ टक्के होते, ते १९९६ च्या निवडणुकीत सुमारे २९ टक्के झाले. देश, संस्कृती आणि बरेचसे पक्ष तेच असल्याने ही तुलना दोन दूरच्या देशांच्या तुलनेपेक्षा अधिक भक्कम आहे; तरीही समाज स्वतः बदलत असतो, म्हणून बदलाआधीच्या आणि नंतरच्या दोन-तीन निवडणुका एकत्र पाहाव्यात.

सरकार आणि उत्तरदायित्व

स्थैर्याच्या प्रश्नावर सोयीची उदाहरणे निवडण्याचा मोह सर्वांत जास्त होतो. बेल्जियममध्ये २०१०-११ साली सरकार बनायला ५४१ दिवस लागले, नेदरलँड्समध्ये २०२१ च्या निवडणुकीनंतर २९९ दिवस लागले, इस्राएलमध्ये एप्रिल २०१९ ते नोव्हेंबर २०२२ या काळात पाच निवडणुका झाल्या. हे सर्व खरे आहे. त्याच वेळी जर्मनीत भरपाईच्या पद्धतीतून आलेली आघाडी सरकारे अनेक दशके स्थिर राहिली, न्यूझीलंडमध्ये २०२० साली मजूर पक्षाला १२० पैकी ६५ जागा मिळून एकपक्षीय बहुमतही आले, आणि मताधिक्य पद्धतीच्या ब्रिटनमध्ये २०१० नंतर आघाडी सरकार होते. कॅनडात २०१९ आणि २०२१ मध्ये लिबरल पक्षाला कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षापेक्षा देशभरात कमी मते आणि तरीही जास्त जागा मिळाल्या, परंतु बहुमत एकदाही मिळाले नाही. म्हणजे मताधिक्य पद्धतीचा मुख्य दावा, की ती प्रमाणाचा बळी देऊन का होईना, निश्चित बहुमत देते, तोही प्रत्येक वेळी खरा ठरत नाही. सरकार किती दिवसांत बनले, किती काळ टिकले आणि मुदतपूर्व निवडणूक झाली का, या तीन गोष्टी वेगळ्या मोजाव्यात, कारण उशिरा बनलेले सरकार पुढे पूर्ण मुदत टिकू शकते.

उत्तरदायित्वाचे दोन अर्थ आहेत आणि ते मिसळू नयेत. मतदार सत्ताधारी पक्षाला घरी पाठवू शकतो का, हा एक प्रश्न आहे. येथे मताधिक्य पद्धतीची बाजू सहसा भक्कम असते, कारण आघाडीच्या राजकारणात मते घटलेला पक्षही नव्या वाटाघाटींतून सत्तेत परत येऊ शकतो. मतदार एका विशिष्ट प्रतिनिधीला घरी पाठवू शकतो का, हा दुसरा प्रश्न आहे. बंद यादीत, म्हणजे पक्षाने ठरवलेल्या अचल क्रमाच्या यादीत, वरच्या क्रमांकावर असलेल्या व्यक्तीला मतदार जवळपास हात लावू शकत नाही; एकल संक्रमणीय मताच्या पद्धतीत मात्र एकाच पक्षाच्या दोन उमेदवारांमधूनही निवड करता येते, आणि या बाबतीत आयर्लंडचा मतदार ब्रिटनमधल्या सुरक्षित मतदारसंघातील मतदारापेक्षा अधिक अधिकार बाळगून असतो. मतदारसंघाच्या सीमा कोण आखते, हेही येथेच तपासावे. एकसदस्यीय मतदारसंघांत सीमारेषा इकडची तिकडे झाली तरी निकाल फिरू शकतो. संपूर्ण देश एकच घटक असलेल्या यादी पद्धतीत हा प्रश्नच उरत नाही.

शेवटची नोंद पद्धत बदलण्याच्या मार्गाविषयी करावी. आयर्लंडमध्ये एकल संक्रमणीय मताची पद्धत राज्यघटनेतच लिहिलेली आहे. ती काढून मताधिक्य पद्धत आणण्याचा प्रस्ताव १९५९ आणि १९६८ अशा दोन्ही वेळी मतदारांनी सार्वमतात फेटाळला. न्यूझीलंडमध्ये मतदानाच्या रीतीसारख्या काही मूलभूत तरतुदी बदलायला संसदेतील ७५ टक्के सदस्यांचा पाठिंबा किंवा सार्वमतातील बहुमत लागते. जर्मनीच्या मूलभूत कायद्यात पद्धतीचा तपशील नसल्याने २०२३ ची सुधारणा संसदेत साध्या बहुमताने मंजूर झाली, आणि ५ टक्क्यांची अट पूर्ण न करताही ३ मतदारसंघ जिंकणाऱ्या पक्षाला यादीच्या जागा मिळण्याची जी जुनी सवलत त्या सुधारणेने काढून टाकली होती, ती घटनात्मक न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तूर्त चालू ठेवायला लावली.